इंदूबाईंची खिडकी

आफ्रिकेहून परत आले की भिंगारच्या बाजारात मला एकच प्रश्न विचारतात. "मावशी, सिंह दिसला का?" भाजीवाली विचारते, गिरणीवाला विचारतो, चर्चमधल्या बायका तर प्रार्थना संपायचीही वाट बघत नाहीत. कढी फुटली का, डाळ शिजली का, एवढी माणसं वेळेवर जेवली का, हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. म्हणून दिवाळी अंकासाठी चार पानं द्या असा निरोप आला तेव्हा मी सांगून टाकलं, लिहीन, पण सिंह येईल तेव्हा येईल. आधी कढी.

मी टूरवरची स्वयंपाकीण. आमचे मिस्टर लष्कराच्या वर्कशॉपात सिव्हिलियन होते, तेव्हा मी क्वार्टरातून डबे द्यायची. ते रिटायर होऊन घरी बसले आणि मी घराबाहेर पडले, ती थेट समुद्रापलीकडं. आमची टुरिस्ट कंपनी नगरची, लहानशी. येणारी माणसं आपल्याच जिल्ह्यातली. बागायतदार, निवृत्त मास्तर, एखादे डॉक्टर. जन्मभर राबली आणि आता जग बघायचं म्हणतात. जग बघायचं, पण भाकरी खाऊन.

विमानातून उतरलं की पुढचा सगळा प्रवास रस्त्यानं. गाडी म्हणजे ट्रकच, पण वर बसायला खुर्च्या, दोन्ही बाजूंना सरकत्या काचांच्या मोठाल्या खिडक्या, आणि खाली ट्रकच्या पोटात माझं स्वयंपाकघर. एक कप्पा ओढला की शेगडी, दुसरा ओढला की कुकर, तिसऱ्यात डाळ-तांदूळ. नामिबियाच्या वाळवंटातून निघायचं, एतोशाच्या अभयारण्यात जनावरं बघायची, मग बोट्स्वानातले हत्ती, आणि शेवटी झिंबाब्वेतला तो मोठा धबधबा. एकेका दिवशी नगर ते नागपूर एवढा रस्ता तुडवायचा आणि वाटेत चहाची टपरी नावाला नाही. म्हणजे चहासुद्धा मीच.

या कामातल्या खुब्या कुणी शिकवत नाही. हिंगाचंच घ्या. पहिल्या खेपेला विमानतळावरच्या साहेबानं माझी पेटी उघडायला लावली आणि नेमकी हिंगाची डबी हातात घेतली. झाकण काढलं, वास घेतला, मान मागं घेतली, झाकण लावलं आणि मला हातानंच पुढं जा म्हणाला. खालचं काही बघितलं नाही. तेव्हापासून हिंग मी सगळ्यात वर ठेवते.

आणि बबून. ही तिकडची माकडं, कुत्र्यासारखं तोंड असलेली, आणि चोर म्हणजे अट्टल. एकानं माझी ठेच्याची बरणी पळवली. झाडावर बसून झाकण फिरवलं, आमच्यासमोर हात घातला, चाटला. पुढं त्याचं जे झालं ते बघून मला एकीकडं हसू येत होतं आणि एकीकडं जीवही तुटत होता. नंतर तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघत बसला, तसं आमच्या सासूबाईंनीसुद्धा कधी बघितलं नव्हतं.

हसण्यावारी नेण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे आमचा ड्रायव्हर टोबायस याच्याकडून कळलं. टोबायस तिथलाच, हेरेरो जमातीचा, गुराढोरांत वाढलेला, गाडी चालवतो आणि जनावरंही दाखवतो. तो म्हणाला, माणसाच्या अन्नाची चटक लागलेलं जनावर उद्या माणसाच्या अंगावर येतं, मग त्याला गोळी घालावी लागते. म्हणून अभयारण्यात जनावराला काही घालायचं नाही. घातलं तर दंड होतो आणि ड्रायव्हरचा परवानाही जातो. आमच्या नगरच्या साहेबांनी मला तेवढा एकच दम दिलेला आहे. मावशी, मीठ जास्त झालं तर चालेल, पण आपला घास जनावराच्या तोंडात जाता कामा नये. त्यामुळं गाडीत बबून शिरताना दिसला की मी पळी घेऊन धावते. आता ते हाताला इतकं बसलंय की घरी खिडकीत चिमणी आली तरी माझा हात पळीकडं जातो.

सिंहाचं विचाराल तर बरीच वर्षं मला तो दिसलाच नाही. सिंह दिसतो तो सकाळच्या फेरीत, आणि सकाळी मी कॅम्पवर पोहे परतत असते. मंडळी परत येऊन मोबाईल नाचवत दाखवायची, मावशी हा बघा. मी म्हणायची, छान आहे, हात धुवून घ्या. हळहळ वाटायची, खोटं कशाला बोलू. पण कांदा करपू देणं मला जमत नाही.

आता तात्यांकडं येते.

कोल्हारचे रावसाहेब तात्या. सत्तरी ओलांडलेले, प्रवरेकाठची जमीन, पेरूची बाग, गोठ्यात होलस्टिन गाई, घरी मुलगा संदीप आणि सून, डोक्याला पांढरी टोपी आणि खिशात शुगरच्या गोळ्या. त्यांनी ही टूर दोघांची बुक केली होती, स्वतःची आणि इंदूबाईंची. हौस खरी इंदूबाईंची. संध्याकाळच्या धारा झाल्या की त्या टीव्हीवर जनावरं लावून बसायच्या आणि तात्यांना बातम्या बघू द्यायच्या नाहीत. मग टूर निघायच्या आधीच इंदूबाई गेल्या, थोड्याशा आजारानं. तात्यांनी टूर पुढच्या वर्षावर ढकलली. साहेबांनी विचारलं, तात्या, बाईंची जागा रद्द करायची ना? तात्या म्हणाले, विमानातली करा, गाडीतली ठेवा.

साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याचा गोंधळ झालाय. ते समजावायला लागले, की गाडीत बसायला आधी विमानानं जावं लागतं.

"तिला आता इमान कशाला लागतंय?" तात्या म्हणाले.

अशी ती जागा राहिली. उजवीकडची खिडकी इंदूबाईंची, शेजारची आतली खुर्ची तात्यांची. रोज सकाळी निघताना मी प्रत्येकाला कागदाची एक पुडी देते. चिवडा, राजगिऱ्याचा लाडू, असंच काहीबाही, रस्त्यात तोंडात टाकायला. पहिल्या दिवशी तात्यांनी एक पुडी घेतली आणि हात तसाच पुढं ठेवला. मी दुसरी दिली. ती त्यांनी खिडकीच्या खुर्चीवर नीट ठेवली. संध्याकाळी ती उचलून माझ्याकडं परत आणून द्यायचे, जशीच्या तशी. मी काही विचारलं नाही.

विचारलं ते वैद्य मॅडमनी. नगर शहरातल्या सावेडीच्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या, गळ्यात हातभर लांब लेन्सचा कॅमेरा. टूरमध्ये खिडकीवरून जेवढी भांडणं होतात तेवढी भावाभावांत बांधावरून होत नसतील. म्हणून रोज जागा बदलायच्या असा नियम असतो. तात्या काही बदलेनात.

"तात्या, ही खिडकी रिकामीच आहे ना?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. हितं मालकीन हाय."

मॅडमनी खुर्चीकडं बघितलं, पुडीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी पटकन भांड्याकडं बघितलं. त्या दिवसापासून मॅडमनी तोंड फिरवलं. आम्ही म्हणजे दोन खेडवळ, वेडगळ माणसं, असं त्यांचं मत झालं असावं. मला राग आला होता. पण ज्या बाईला आपल्या हातची आमटी वाढायची असते तिच्यावर राग धरून चालत नाही, आमटीत उतरतो.

गंमत म्हणजे खिडकी धरून ठेवणारे तात्या स्वतः काही बघत नव्हते. बाहेर जनावर आलं की मागं रेलायचे, मधे आपलं डोकं नको म्हणून. जिराफ पाणी प्यायला आला तेव्हा तर त्यांनी टोपीसुद्धा काढली. "बग, आलं तुझं," असं हळूच म्हणाले. मग मला म्हणाले, "ती म्हनायची, जिराफ पानी पेतंय ते बगा, अवघडलेली बाई वाकती तसं."

एतोशातल्या कॅम्पवर मी संध्याकाळची कणीक मळत होते. तात्या समोर येऊन बसले.

"सुलूबाई, उद्या नवमी हाय."

आमची ही टूर पितरांच्या पंधरवड्यातच असते. त्या दिवसांत गावाकडं लग्न-साखरपुडा नसतो, माणसं मोकळी, आणि तिकडं पाणवठे आटत आल्यानं जनावरं एका जागी सापडतात. ही नवमी म्हणजे नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा दिवस. मी ख्रिस्ती असले तरी सगळं आयुष्य नगर जिल्ह्यात गेलंय, एवढं मला कळतं. मी म्हटलं, "घरी संदीप करील की सगळं. सुनबाई आहेत."

"करंल की. पाव्हनं-रावळं बोलावल्यात, पुरनपोळी हाय. पन घरी कोन जेवनार? ती तर हितं आलीय."

मी कणकेतून हात काढले. "तात्या, खरंच म्हणताय?"

"गाडीत जागा हाय तिची. पुडी रोज तुमीच देताय. मंग घास कोल्हारला कशापायी ठिवायचा?"

पुडी रोज मीच देत होते.

मी म्हटलं, "माझ्या हातचा स्वयंपाक चालेल का? मी ख्रिस्ती."

"तिची दोनी बाळंतपनं मिशनच्या दवाखान्यात झाली. तवा नर्सबाईच्या हातची पेज चालली. आता न चालायला काय झालं?" मग म्हणाले, "येवडंच हाय, कावळा शिवल्याबिगर मी खानार न्हाई."

आमच्यात ईस्टरच्या पहाटे कबरीवर फुलं ठेवतात. ठेवायची, प्रार्थना करायची आणि घरी यायचं. फुलं कुणी उचलली हे बघत बसावं लागत नाही, त्यामुळं आमची सुटका लवकर होते. इथं मात्र कावळा आल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. आणि अभयारण्यात कावळ्याला घास ठेवणं म्हणजे टोबायसचा परवाना आणि माझी नोकरी, दोन्ही घास त्याच ताटात.

मी टोबायसला सांगितलं, माझ्या मोडक्या इंग्रजीत. मला वाटलं हसेल. हसला नाही. त्यांच्यातही गावी पूर्वजांची आग असते, ती विझू देत नाहीत, वडीलधाऱ्यांना तिथं सांगितल्याशिवाय घरातलं मोठं काम काढत नाहीत. त्यानं एवढंच विचारलं, की आजीला कुठला कावळा लागतो. तिकडच्या कावळ्याची छाती पांढरी असते. तात्यांनी मोबाईलवर चित्र बघितलं.

"ह्येनं तर बनियन घातलाय," ते म्हणाले. "चालंल. मुलूख त्येचा, कापडं त्येची."

मग ठरलं असं. सकाळी फार फिरायचं नाही, थेट पूर्वेच्या फाटकानं बाहेर पडायचं. पुढं रस्त्याच्या कडेला झाडाखाली सिमेंटची टेबलं-बाकं असतात, वाटसरूंना बसायला. तिथं घास ठेवायचा. यावर वैद्य मॅडम भडकल्या. एतोशातली शेवटची सकाळ, सिंह अजून दिसलेला नाही, आणि आपण कावळ्यासाठी निघायचं? कावळे सावेडीत मुबलक आहेत. त्यांचं चूक होतं असंही नाही, सगळे आयुष्यात एकदाच येतात. तात्या टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. शेवटी टोबायस म्हणाला, वाट जंगलातूनच आहे, सिंह नशिबात असेल तर वाटेतच भेटेल.

तो भेटला, आणि अक्षरशः वाटेतच.

मी उजाडायच्या आत उठून सगळा स्वयंपाक केला होता. खीर, उडदाचे वडे, कढी, लाल भोपळ्याची भाजी, पुरणपोळी. गवार मिळाली नाही, तिच्याऐवजी फरसबी. डबे भरून गाडी निघाली, अर्धा रस्ता गेला आणि टोबायसनं ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध सिंह आडवा पडला होता. आयाळवाला, भला थोरला. मला दिसलेला पहिला सिंह, आणि माझ्या मांडीवर कढीचा डबा होता. पण बघितला बाई डोळे भरून.

मॅडमचा कॅमेरा कडकड वाजत होता. सगळे श्वास धरून बसलेले. सिंहानं एकदा शेपटी उचलली, टाकली आणि डोळे मिटले. बाजूनं गाडी घालायची सोय नाही, रस्ता सोडायचा नाही हा तिथला कायदा. तात्या घड्याळ बघायला लागले. मग उठून टोबायसच्या मागं जाऊन उभे राहिले आणि काचेतून त्या सिंहाला, घरच्या बैलाला बोलावं तशा आवाजात म्हणाले, "ऊठ की रं बाबा. घास ठिवायचाय."

जंगलाच्या राजाला ऊठ म्हणणारा पहिला माणूस आमच्या जिल्ह्याचा, याचा मला आजही अभिमान आहे. सिंह काही उठला नाही. त्याला हवं तेव्हा उठला, आळस दिला, आमच्या चाकाचा वास घेतला आणि गवतात गेला.

फाटकातून बाहेर पडलो तशी मोबाईलला रेंज आली, आणि रेंजबरोबर कोल्हार. आमच्या सकाळी त्यांची दुपार कलायला लागलेली. संदीपचा चेहरा पडद्यावर, घामेजलेला.

"तात्या, कावळा शिवंना. पत्र्यावर घास ठिवून कवाचे बसलोय. पाव्हनं उपाशी हायेत. शेजारच्यांच्या घासावर येत्यात, आपल्यावर येईनात."

तात्यांनी आमच्या सगळ्यांकडं बघितलं. त्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी तरी विजयच म्हणेन. "शिवंल कसा? ती हितं हाय म्हनून सांगत हुतो ना?"

"मंग गाईला देऊ का घास? चालतंय म्हनत्यात."

"त्या होलस्टिननं लाथ घातल्ती तिला. त्या गाईच्या तोंडून जेवंल व्हय ती? थांबा जरा. हितं शिवला की मंग जेवा."

आता आली का पंचाईत. नामिबियातला कावळा शिवल्याशिवाय कोल्हारातले पाहुणे जेवणार नव्हते.

झाडाखालचं एक टेबल मिळालं. आम्ही सगळे उतरलो. मी ताट वाढलं, तात्यांनी ते टेबलावर ठेवलं, पाण्याचा हात फिरवला. निखारे नव्हते, म्हणून माझ्या शेगडीलाच नमस्कार केला. मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, त्यात सगळं कोल्हार दाटीवाटीनं बसलेलं. आम्ही मागं सरकलो आणि वाट बघायला लागलो.

कावळा होता. लांबच्या विजेच्या खांबावर, पांढरी छाती काढून. येत नव्हता. कुणीतरी "काव, काव" सुरू केलं. मग सगळ्यांनीच. मोबाईलमधूनही कोल्हारचं काव काव यायला लागलं. रस्त्यानं जाणारं एक जर्मन जोडपं गाडी थांबवून उतरलं. गळ्यात दुर्बिणी. पंचवीसेक माणसं एका झाडाखाली उभी राहून वर बघतायत म्हणजे काहीतरी दुर्मिळ असणार. बाईनं मला दबक्या आवाजात विचारलं, बिबट्या का? मी म्हटलं, नाही, कावळा. तिनं नवऱ्याला सांगितलं. त्यानं दुर्बीण लावून बराच वेळ कावळा बघितला, आणि विचारात पडलेला दिसला. पण तेही थांबले.

हसू येत होतं तोवर येत होतं. मग माझं लक्ष तात्यांकडं गेलं. कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते. ऊन फार नव्हतं. मी जवळ जाऊन विचारलं, "तात्या, सकाळी शुगरची गोळी घेतली?"

"घेतली की."

"आणि खाल्लं काय?"

ते खांबावरच्या कावळ्याकडं बघायला लागले. पोटात गोळी आणि अन्नाचा कण नाही. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तात्या, हा शहाणपणा पुरे. तुम्ही इथं पडलात तर दवाखाना किती लांब आहे माहीत आहे? इंदूबाईंना आवडेल का हे?"

"तिला उपाशी ठिवून मी न्हाई खानार." आवाज बारीक झाला होता. "शेवटाला ती काय खाईना. चमचानं पेज देयाचो, तोंड फिरवायची. म्हनायची, बरी झाले की टूरवर खाईन सगळं. सुलूबाई, ती उपाशी गेली वो."

काव काव थांबलं होतं. आजवर त्या खुर्चीवर रोज ठेवलेल्या पुडीकडं मी गमतीनं बघत आले होते. मॅडमनी कॅमेरा खाली केला आणि तात्यांना धरून बाकावर बसवलं. मला खुणेनं म्हणाल्या, साखर आणा.

मी ट्रककडं पळाले. साखरेचा डबा खालच्या कप्प्यात, उजव्या बाजूला, म्हणजे झाडाकडून न दिसणाऱ्या रस्त्याकडच्या अंगाला. वळसा घालून गेले आणि जागच्या जागी थबकले. गाडीच्या सगळ्या खिडक्या वाऱ्यासाठी उघड्या टाकलेल्या, निम्म्या खुर्च्यांवर पुड्या पडलेल्या. आणि एका खिडकीच्या कडेवर बनियनवाला कावळा बसला होता. मान तिरकी करून आत बघत होता.

माझा हात पळीकडं गेला. सवय हो. कप्प्यातून पळी उपसून मी ती उगारलीसुद्धा.

"हात खाली," मागून कुणीतरी म्हणालं. तात्या होते. मॅडमचा हात सोडवून माझ्यामागं आले होते, ट्रकला धरून उभे. "सुलूबाई, खिडकी बगा कुनाची हाय."

मी पळी तशीच धरून उभी राहिले. कावळा आत उतरला. इंदूबाईंच्या खुर्चीवर. क्षणभर दिसेना. मग पुन्हा कडेवर आला, चोचीत कागदाची पुडी, आणि उडाला. रस्ता ओलांडून एका काटेरी झाडावर बसला, पुडी पायाखाली धरली आणि फाडली. चिवडा भुरुभुरु खाली पडला. लाडू मात्र त्यानं नीट धरून खाल्ला.

टेबलावरच्या माझ्या पुरणपोळीकडं त्यानं ढुंकून बघितलं नाही. एरवी मला असला अपमान सहन झाला नसता.

तात्या बघत राहिले. "म्हनलं न्हवतं, खिडकीतच बसलीय," असं म्हणाले आणि तोंडाला उपरणं लावून रडले. मॅडमनी मोबाईल उचलून आणला आणि कोल्हारला सांगितलं, "शिवला. जेवा तुम्ही." तिकडून एकच गलका झाला. मी तात्यांच्या तोंडात आधी साखर कोंबली, मग खीर. त्या जर्मन जोडप्यालाही वाढलं. कढी त्यांनी दोनदा घेतली, ते मी सांगितल्यावाचून राहणार नाही. टोबायस वडा खात म्हणाला, "मी कुणालाही कुणाला खायला घालताना बघितलं नाही." आणि ते खरंच होतं.

जरा तरतरी आल्यावर तात्या त्या झाडाखाली सांडलेल्या चिवड्याकडं बघून म्हणाले, "लाडू खाल्ला, चिवडा टाकला. तिखट झाला आसंल. तिला ठसका लागायचा."

"माझा चिवडा तिखट नसतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या पायरीशी मी पुड्या वाटत होते. तात्यांच्या हातात नेहमीसारख्या दोन ठेवल्या. त्यांनी एक माझ्या हातात परत दिली.

"आता येकच देत जा," ते म्हणाले. "ती जेवली."

मागं वैद्य मॅडम उभ्या होत्या. तात्या त्यांना म्हणाले, "या मॅडम, बसा खिडकीत." मॅडमनी मान हलवली. "तुम्ही बसा तात्या. तुम्ही अजून काही बघितलंच नाहीये." तात्या आत सरकले, खिडकीशी बसले आणि टोपी सारखी केली. शेजारच्या खुर्चीवर मॅडम बसल्या.

परत आलेली पुडी मी डब्यात टाकली नाही. गाडी चालू झाल्यावर मागच्या बाकावर बसून ती खाल्ली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चिवडा खरंच तिखट होता.